विश्लेषण : डर्ट बाइकचे ‘पासिंग’ का होत नाही? हेडलाइट, इंडिकेटर लावूनही ती रस्त्यावर बेकायदा का ठरते?

पावसाळा सरला की कोकणातले सडे सुकतात आणि मोबाइलवर डर्ट बाइकचे व्हिडीओ पुन्हा फिरू लागतात. परदेशातला कुणी तरुण आपल्या गॅरेजमध्ये हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, हॉर्न बसवतो, गाडी तपासून घेतो, नंबर प्लेट मिळवतो आणि शर्यतीची गाडी रस्त्यावर आणतो. इकडे सेकंड-हँड डर्ट बाइक विकणाऱ्याचे वाक्यही ठरलेले असते, ‘लाइटचं किट बसवा, पासिंग होऊन जाईल.’ एमएच ०८ ची प्लेट लावून ही गाडी भाट्याच्या पुलावरून किंवा मुंबई-गोवा महामार्गावरून नेता येईल का? थोडक्यात उत्तर आहे, नाही. कारण अडचण सुट्या भागांची नाही, गाडीच्या जन्माच्या दाखल्याची आहे. ती काय आहे आणि दुर्लक्ष केले तर किंमत किती मोजावी लागते, ते समजून घेऊ.

डर्ट बाइक म्हणजे नेमके काय?

उंच, सडपातळ, जाड गोट्यांच्या टायरची प्रत्येक गाडी डर्ट बाइक नसते. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी कंपनीनेच बनवलेल्या गाड्यांचा. हिरोची एक्सपल्स, डिसेंबर २०२४ मध्ये भारतात आलेली कावासाकी केएलएक्स २३० किंवा एप्रिल २०२५ मध्ये आलेली केटीएम ३९० एन्ड्युरो आर या त्यातल्या. त्यांना शोरूममधून बाहेर पडतानाच नंबर मिळतो.

दुसरा प्रकार निव्वळ मोटोक्रॉस किंवा शर्यतीच्या गाड्यांचा. कावासाकीच्या केएक्स २५० आणि केएक्स ४५०, सुझुकीने २०१८ मध्ये भारतात आणलेल्या आरएम-झेड २५० आणि ४५०, केटीएमच्या एसएक्स मालिकेतील गाड्या या वर्गात येतात. कंपनी त्या ट्रॅकसाठीच विकते. त्यांची नोंदणी होत नाही आणि खरेदी करणाऱ्याने ती होईल असे गृहीतही धरायचे नसते. आपण बोलत आहोत ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

रस्त्यावर चालवायला गाडीत काय काय लागते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये याची तपशीलवार यादी आहे. हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, मागच्या नंबर प्लेटवरचा दिवा, हॉर्न, आरसा, स्पीडोमीटर, ठरलेल्या मर्यादेत आवाज ठेवणारा सायलेन्सर. नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट आपोआप सुरू राहण्याची सोय. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ प्रदूषण मानक.

यादीतल्या बऱ्याच गोष्टी पैसे देऊन मिळतात. म्हणूनच ‘किट बसवले की झाले’ हा समज पसरतो.

मग किट बसवून काम का होत नाही?

इथे खरी मेख आहे. आपल्याकडे आरटीओ निरीक्षक गाडी समोर उभी करून ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, घ्या नंबर’ असे करत नाही. गाडीचे मॉडेल त्याआधीच मंजूर झालेले असावे लागते. नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने किंवा आयातदाराने त्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडे द्यायचा असतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या अशा संस्था. ब्रेक, दिवे, आवाज, धूर अशा कसोट्यांमधून नमुना पार पडला की त्या मॉडेलला मंजुरी मिळते. यालाच होमोलोगेशन म्हणतात.

यानंतर त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीसोबत उत्पादक दोन महत्त्वाचे कागद पुढे पाठवतो. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र. नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २०, या दोन कागदांसह आणि विम्यासह भरावा लागतो. गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर ‘वाहन’ प्रणालीतल्या नोंदींशी जुळावा लागतो.

मोटोक्रॉस गाडीच्या बाबतीत पहिलीच पायरी झालेली नसते. मॉडेल मंजूर नाही, म्हणून फॉर्म २२ नाही. फॉर्म २२ नाही, म्हणून अर्ज पुढे सरकत नाही. तुम्ही पन्नास हजारांचे दिवे लावलेत तरी त्या फॉर्मवर उत्पादकाच्या जागी तुम्हाला सही करता येत नाही. एकट्याने नमुना चाचणीला न्यावा, असे कुणाला वाटेल. पण ही व्यवस्था उत्पादक आणि आयातदारांसाठी आहे. चाचण्यांचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला जाईल हे तिथे गृहीत असते. एका गाडीसाठी ती वाट व्यवहारात उपलब्ध नाही.

परदेशात होते, ते कसे?

कारण तिथली व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकेत नोंदणी हा राज्यांचा विषय. अ‍ॅरिझोनासारख्या राज्यात ठरलेले भाग बसवून ऑफ-रोड गाडी रस्त्यासाठी नोंदवता येते. प्रदूषणाबाबत कडक असलेल्या कॅलिफोर्नियाने मात्र ही वाट बरीच वर्षे अडवून धरली आहे. म्हणजे अमेरिकेतही एका राज्यातला व्हिडीओ दुसऱ्या राज्यात उपयोगी पडेलच असे नाही. ब्रिटनमध्ये एकेका मोटरसायकलची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची सरकारी योजना आहे. आपल्याकडे सामान्य ग्राहकासाठी तशी खिडकी नाही. व्हिडीओतला माणूस खोटे बोलत नसतो, तो फक्त दुसऱ्या देशाचा कायदा पाळत असतो.

तांत्रिकदृष्ट्या तरी हा बदल सोपा आहे का?

दिसतो तितका नाही. मोटोक्रॉस गाडीतला स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी कॉइल, प्रामुख्याने ठिणगी आणि इंधन-पंप यांच्यापुरतीच वीज देतो. आपल्या साध्या मोटरसायकलचा हॅलोजन हेडलाइटच ३५ वॅट खातो. त्यावर ब्रेकलाइट, प्रत्येकी १० वॅटचे इंडिकेटर आणि हॉर्न. हे सगळे चालवायला अनेक मॉडेलमध्ये स्टेटर पुन्हा गुंडाळावा लागतो, रेग्युलेटर आणि बॅटरी घालावी लागते. एलईडी लावून भार कमी होतो, संपत नाही.

इंजिनाचा स्वभावही वेगळा. आपल्या गाडीचे तेल किलोमीटरवर बदलतात. शर्यतीच्या इंजिनाचे तेल, फिल्टर, अगदी पिस्टनसुद्धा किती तास चालले यावर बदलायचे असते. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा घाटातून जाऊन यायचे म्हटले तर पाच-सहा तास तिथेच मोडतात. मागच्या हबमध्ये धक्के शोषणारे रबर बहुधा नसते, त्यामुळे पक्क्या रस्त्यावरचा ताण थेट चेन आणि गिअरबॉक्सवर जातो. शर्यतीचे टायर मातीत पकड घेण्यासाठी असतात. पावसाळ्यात ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर ते घसरतात. म्हणजे उद्या कागद मिळाले तरी रोज कामावर जायला ही गाडी योग्य ठरणार नाही.

जुन्या आरसीवर डर्ट बाइक चालवली तर?

हा मार्ग गॅरेजमध्ये हळू आवाजात सुचवला जातो. भंगारात निघालेल्या मोटरसायकलचे आरसी घ्यायचे, तिचा नंबर डर्ट बाइकवर लावायचा. हा बदल नव्हे, बनवाबनवी आहे. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा चेसिस नंबर जुळत नाही, आणि चेसिसवर नंबर खोडून नवा कोरला तर प्रकरण थेट फौजदारी गुन्ह्यात जाते. एचएसआरपी प्लेटही ‘वाहन’मधल्या नोंदीशी जोडलेली असल्याने हा खेळ आता पूर्वीपेक्षा लवकर उघडा पडतो.

नोंदणी असलेल्या साध्या गाडीची चेसिस कापून, इंजिन बदलून तिची डर्ट बाइक करणे हाही पर्याय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती उत्पादकाने ठरवलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारखे मोजके अपवाद आहेत. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले, की राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल चालणार नाही.

किनारा आणि सडा म्हणजे रस्ता नव्हे. तिथे तर चालेल?

रत्नागिरीत हा प्रश्न सर्वांत जास्त लागू पडतो. कायद्यातली ‘सार्वजनिक जागा’ची व्याख्या फक्त डांबरी रस्त्यापुरती नाही. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे, ती वाट असो वा नसो, ती सार्वजनिक जागा. भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, गुहागर, मुरुड यांसारखे किनारे या व्याख्येबाहेर राहात नाहीत. शिवाय कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक जागी किंवा इतर कोणत्याही जागी’ नोंदणीशिवाय मोटार वाहन चालवू नये असे शब्द आहेत. पाटी नाही, पोलीस नाही, म्हणून मोकळीक आहे असे होत नाही.

सूट आहे ती फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या विशेष वाहनांना. ‘रस्त्यासाठी योग्य वाहन’ म्हणजे काय, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ओडिशातल्या खाणीवरच्या डंपरच्या प्रकरणात, म्हणजे बोलानी ओअर्स खटल्यात केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंद आवारात फिरणाऱ्या वाहनांवर मोटार वाहन कर लागत नाही, असा निकाल आला. या दोन्ही प्रकरणांत भर आवार बंद असण्यावर, बाहेरच्यांना तिथे येता न येण्यावर आहे. कुंपण घातलेला ट्रॅक त्यात बसू शकतो. गुरे चरायला जातात, पोरे क्रिकेट खेळतात तो गावचा सडा बसत नाही.

कायद्यापलीकडेही दोन कारणे आहेत. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांची घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत, आणि गाडीच्या चाकाखाली वाळू दाबली जाते. सड्यांवर कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरुण, काशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत २०२२ पासून आहेत. जांभ्यात कोरलेली ही चित्रे जमिनीलगत असतात. धूळ किंवा गवत असले तर चालवणाऱ्याला ती दिसणारही नाहीत.

पकडले तर काय होते?

नोंदणीशिवाय वाहन चालवल्यास कलम १९२ नुसार पहिल्या वेळी २ हजार ते ५ हजार रुपये दंड. पुन्हा सापडल्यास ५ हजार ते १० हजार रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा नसल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. परवानगी नसलेला बदल केल्यास कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. आणि साधी गाडी कागद दाखवून सुटते. हिला दाखवायला कागदच नसतात.

पण खरा धोका दंडाचा आहे का?

नाही. दंड हा यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. समजा, नोंदणी आणि विमा नसलेल्या डर्ट बाइकची धडक बसून तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा करून महिना १५ हजार कमावणारा माणूस गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढते, याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिले आहे.

वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २ लाख ५२ हजार. चार अवलंबित असल्याने त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केला की १ लाख ८९ हजार. तिशीच्या वयाचा गुणक १७. म्हणजे ३२ लाख १३ हजार रुपये. अंत्यसंस्कार, सहवास गमावणे यांच्या ठरावीक रकमा आणि व्याज यावर वेगळे.

चालवणाऱ्याची चूक सिद्ध झाली, तर विमा असलेल्या गाडीच्या बाबतीत हे पैसे साधारणपणे विमा कंपनी देते. विमाच नसेल तर चालवणाऱ्याला आणि मालकाला द्यावे लागतात. त्यांच्याकडे तेवढे नसतील, तर निकाल हातात असूनही त्या बाईला आणि तिच्या मुलांना पैसे मिळत नाहीत. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे तो यासाठी. तो गाडीवाल्याच्या सोयीसाठी नाही, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यासाठी आहे.

‘चेसिस नंबरवर पॉलिसी काढून देतो’ असे कुणी म्हटले, तरी तिच्यावर विसंबू नये. २०१४ च्या नरिंदर सिंग आणि २०२१ च्या सुशील कुमार गोदारा या प्रकरणांत तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाड्यांचे दावे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले नाहीत. नोंदणीशिवाय गाडी वापरणे हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. ते दावे मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचे होते. जिथे नोंदणीची मुदत संपल्यावर हे होते, तिथे कधीच नोंदणी न झालेल्या गाडीकडून काय अपेक्षा ठेवणार?

मुलांच्या छोट्या डर्ट बाइकचे काय?

ऑनलाइन मिळणाऱ्या ४९ सीसीच्या गाड्यांना ‘खेळणे’ म्हटले जाते. कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. ४९ सीसी ही त्याच्या जवळपास दुप्पट. सोळाव्या वर्षानंतर ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल चालवता येते, पण त्यासाठी लायसन्स आणि नोंदणी हवीच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

इलेक्ट्रिक गाडीसाठी मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजनाची मर्यादा ६० किलो असेल तरच नोंदणीतून सूट आहे. डर्ट बाइकसारख्या दिसणाऱ्या ताकदवान इलेक्ट्रिक गाड्या यात बसत नाहीत.

मग हौस कशी भागवायची?

उलट दिशेने विचार केला तर वाट सापडते. शर्यतीची गाडी रस्त्यावर आणण्याऐवजी रस्त्याची गाडी मातीसाठी तयार करायची. हिरोने जुलै २०२३ मध्ये एक्सपल्स २०० ४व्ही प्रो आणली. लांब पल्ल्याचे सस्पेन्शन, ८९१ मिमी उंच आसन आणि २७० मिमी ग्राउंड क्लिअरन्स कंपनीतूनच बसवून आले आणि आरसीला धक्का लागला नाही. अशा गाडीला इंजिनाखाली लोखंडी पत्रा, हँडगार्ड, कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि भारक्षमतेचे दुहेरी वापराचे टायर लावता येतात. सायलेन्सर, इंजिन आणि चेसिसला हात लावायचा नाही.

शर्यतीचीच गाडी हवी असेल तर ती पिकअपमध्ये किंवा छोटा हत्तीत घालून बंदिस्त ट्रॅकवर न्यायची. भारतात अधिकृत स्पर्धांना एफएमएससीआय ही संघटना मान्यता देते आणि स्पर्धेसाठी तिचे लायसन्स लागते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली होती. तिथल्या एकाही गाडीला नंबर प्लेट लागली नाही.

नियम बदलायला हवेत का?

एका बाजूने पाहिले तर प्रश्न रास्त आहे. एकेका गाडीची तपासणी करून मान्यता देणारी खिडकी भारतातही असावी, अशी मागणी करायला जागा आहे. त्यातून आज गॅरेजमध्ये लपून होणारे काम उजेडात येईल. पण त्यासाठी तपासणीची क्षमता लागेल, आणि एका गाडीचा धूर व आवाज मोजण्याचा खर्च कोणी द्यायचा हे ठरवावे लागेल. तोवर व्यवस्था आहे ती अशीच आहे.

म्हणून सेकंड-हँड डर्ट बाइकसाठी टोकन देण्याआधी विकणाऱ्याला एवढेच विचारा : आरसी आहे का, आणि नसेल तर फॉर्म २२ आहे का? आरसी असेल तर नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका आणि चेसिस नंबर गाडीवर बोट ठेवून जुळवा. दोन्ही नसेल, तर ती गाडी ट्रॅकसाठीच घ्या आणि वाहतुकीचा खर्च किमतीत धरा. ‘नंतर होऊन जाईल’ या शब्दावर पैसे देऊ नका.